पिवळ्या फडक्यातला चार्जर

माधवनगरच्या बंद गिरणीच्या गोदामात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, दवाखान्यात आजारी पोरं घेऊन बसावं तशी. कुणी प्रिंटर आणला होता. एकानं तर मोटरसायकलचं मीटर खोलून आणलं होतं. समोर घोंगडीवर यंत्रनाथ महाराज बसले होते. गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि त्याच माळेत ओवलेला एक पेनड्राइव्ह.

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. माझ्या वर्गातल्या दोन मुली मोबाइलच्या बॅटरीला लावायला इथला हळदीचा भंडारा घेऊन गेल्या, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी स्वतः बघायला आले.

"यंत्राला जीव न्हाई म्हन्तो कोन?" महाराजांनी डोळे मिटून सुरुवात केली. "जीव न्हाई तर तापतंय कसं? धापा कशाला टाकतंय? माणूस जागरणानं थकतंय, यंत्र नजरेनं थकतंय."

माणसं माना हलवत होती. लॅपटॉपच्या पोटात पंखा असतो आणि धापेचा आवाज त्याचा असतो, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक असणार. पण हात जोडले की माणसाचं ठाऊक असलेलंही कुठं जातं कोण जाणे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक जोडपं उठलं आणि मी चमकले. तो धनाजी होता, म्हसवडकडच्या वस्तीवरचा. त्याची आई तानुबाई दरसाल मेंढरं घेऊन आमच्या रानात येते. मेंढरं रात्रभर रानात बसवली की खत होतं, आणि मेंढक्याला धान्य मिळतं. माझे वडील जिनपाल आणि तानुबाईचा नवरा यांनी ठरवलेला हा रिवाज दोघांच्या मागं तसाच चालू आहे. मी लहान असताना कोकराला बाटलीनं दूध पाजायला मला तिनंच शिकवलं.

धनाजीची बायको उत्कर्षा लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करते. तिच्या हातात जाडजूड लॅपटॉप होता, सांगलीतल्या गुंडा नावाच्या दुकानदाराकडून घेतलेला जुना. चार्जर पिवळ्या फडक्यात बांधलेला होता. त्यावर दोऱ्याचे वेढे आणि भंडारा.

"म्हाराज, गाठ सोडली न्हाई तुमी सांगितल्यापास्नं," उत्कर्षा म्हणाली. "पर घरी तसंच अडतंय. दिवसा चांगलं चालतंय, सांजच्याला मरगळतंय."

महाराजांनी लॅपटॉप घोंगडीवर ठेवला. घोंगडीखालून एक जाड काळी वायर बाहेर आली होती. तिला ते 'नाडी' म्हणत. नाडी लॅपटॉपला जोडली, वरून मूठभर भंडारा उधळला, आणि पडद्यावरची वरात झरझर पळायला लागली. गोदामात हात वर गेले. मी मात्र घोंगडीकडे बघत होते.

"सांजला घरात कोन येतं?" महाराजांनी हळूच विचारलं.

धनाजी चाचरला. "आई येती. मेंढरं घिऊन."

"मी नाव घेतलं न्हाई. तूच घेतलंस." महाराजांनी डोळे उघडले. "तिचं पाऊल आत पडलं की यंत्राचा पाय अडतोय. तिला उंबऱ्याबाहेर ठेव. लेकराला बी तिच्या हातचं देऊ नको."

उत्कर्षानं धीर करून विचारलं, "पर म्हाराज, चालू करताना पडद्यावर विंग्रजीत येतंय, चार्जर कमी ताकदीचा हाय म्हून."

महाराज हसले. "आगं, झपाटलेल्या बाईच्या अंगातलं भूत पहिल्या दमाला खरं नाव सांगतंय व्हय? दुसऱ्याचंच घेतंय. तसं ह्ये. आळ चार्जरवर घेतंय. बटन दाब, हात जोड, म्होरं जा."

मी तिथंच उठायला हवं होतं असं वाटेल. पण त्या गर्दीत माझं कुणी ऐकलं नसतं. मी घोंगडीखालची ती वायर डोळ्यांत साठवून बाहेर पडले.

महिन्याभरानं तानुबाई आमच्या रानात आली. वेळ तिची नव्हती. दरसाल ती म्हसवडच्या यात्रेत सिद्धनाथाचा रथ बघून मग निघते, यंदा रथाआधीच आली. सोबत मेंढरं आणि एक कुत्रं. मी चहा घेऊन गेले तर तिनं कप हातात घ्यायच्या आधी विचारलं, "चालतंय न्हवं तुला माझ्या हातचा कप परत घ्यायला?"

"असं का विचारता, मावशी?"

"वस्तीवर कुनी घेत न्हाई." ती मेंढरांकडे बघत बोलत होती. "मी दिसली की बायका पोरं पदराखाली घेत्यात. सोनमला, माझ्या नातीला, लांबनं बी बघू देत न्हाईत. लेकानं पिशवी भरली आनि उंबऱ्याभाईर ठेवली. बोलला न्हाई कायबी. पिशवीत घोंगडं बी घातलं हुतं गं त्यानं, थंडी वाजंल म्हून."

त्या घोंगड्याचं ऐकल्यावर मला सूड हवा होता. समाजप्रबोधन, मतपरिवर्तन हे शब्द मी भाषणात वापरते. त्या दिवशी मला त्यातलं काही नको होतं. त्या पेनड्राइव्हवाल्या बुवाला त्याच घोंगडीवर, त्याच लोकांपुढं रडवायचं होतं.

"मावशी, तुम्ही बाहेर पडल्यावर चालतंय का ते सांजचं?"

"कुठलं चालतंय. म्हाराज म्हन्तोय सव्वा वर्स लागंल. माझं पाऊल जुनं हाय म्हनं."

दुसऱ्याच दिवशी मी वस्तीवर गेले. दुपार होती, घरात वीज नव्हती. त्यांची लाईट शेतीच्या लाईनवरची, दिवसा नसते, दिवेलागणीला येते. उत्कर्षाचा लॅपटॉप बॅटरीवर निमूट चालला होता. आम्ही संध्याकाळची वाट बघत बसलो. बल्ब लागला, धनाजीनं पिवळ्या फडक्यातला चार्जर जोडला, आणि पडद्यावरची नवरी अक्षता अंगावर पडायच्या आधीच थिजली.

"आता काढ," मी म्हणाले.

"काय?"

"चार्जर."

उत्कर्षानं पिन ओढली. जरा वेळानं नवरी हलली, अक्षता पडल्या, मंगलाष्टक सुरू झालं. पिन परत लावली, नवरी परत थिजली. आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. घरात तानुबाई नव्हती. कोसभर तिची सावलीही नव्हती.

"सांजला दोन गोष्टी घरात येत होत्या," मी धनाजीला म्हणाले. "तुमची आई आणि लाईट. तुम्ही हाकललं कुणाला?"

उत्कर्षानं विळी घेतली आणि दोरा कापला. धनाजी "देवाची गाठ हाय" म्हणेपर्यंत फडकं सुटलं होतं. भंडाऱ्याखाली चार्जरवरची चिठ्ठी होती. पासष्ट वॅट. लॅपटॉप उलटा केला, त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, एकशे ऐंशी वॅटचा चार्जर वापरा. गुंडानं जुन्या लॅपटॉपबरोबर कुठला तरी बारका चार्जर गळ्यात मारला होता. मी पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, तक्रार आली की तो गिऱ्हाईकाला आपल्या माधवनगरच्या मामाकडे धाडायचा. मामा म्हणजे यंत्रनाथ महाराज, मूळचा बाळासो, सांगलीत मोबाइल दुरुस्ती करणारा. वॅट म्हणजे काय हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. म्हणून तर फडकं बरोबर त्या चिठ्ठीवर यायचं.

"नवा चार्जर आनतो," धनाजी पुटपुटला. "आईला घिऊन येतो. मिटलं."

मी तानुबाईला जाऊन हे सांगितलं. ती काठीनं माती उकरत ऐकत होती.

"गुपचूप घालवली न्हाई मला," ती म्हणाली. "गुपचूप परत येनार न्हाई. चार मानसांत माझ्यावर आळ घातला, चार मानसांतच उतरंल. मला त्या म्हाराजाकडं ने."

आम्ही आधी पोलिसांत तक्रार दिली. कुणाला चेटकीण ठरवून वाळीत टाकायला लावणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. साध्या कपड्यांतले दोन पोलीस रविवारी गोदामात मागच्या रांगेत बसले. पुढच्या रांगेत आम्ही.

उत्कर्षानं लॅपटॉप दिला. महाराजांनी नाडी जोडली, भंडारा उधळला, वरात पळाली. तानुबाई उठली, पुढं गेली आणि तिनं लॅपटॉपवर आपला रापलेला हात सपाट ठेवला.

"मी ती म्हातारी," ती म्हणाली. "माझा हात पडला की. का पळतंय मग?"

महाराज क्षणभर दचकले, पण तोंड तयार होतं. "ही माझी जागा हाय. हितं तुझं काय चालत न्हाई."

"बरोबर," मी उठून म्हणाले. "जागा हीच ठेवू. वायर तेवढी तुम्हीच बांधून दिलेल्या प्रसादाची लावू."

ते नाही म्हणायच्या आत उत्कर्षानं नाडी काढून पिवळं फडकं जोडलं. तिनं ते परत जसंच्या तसं बांधून आणलं होतं. नवरी थिजली. तानुबाई चालत गोदामाच्या दारापर्यंत गेली.

"तिची नजर लांबनं बी लागती," महाराज घाम पुसत म्हणाले.

"पाठ फिरवती," दारातून तानुबाई म्हणाली आणि फिरली. लोक हसले. नवरी तशीच थिजलेली होती.

मग ती सावकाश परत आली. "म्हाराज, तुमचा हात पडला की पळतंय म्हनं. ठेवा की."

सगळं गोदाम बघत होतं. बाळासोला हात ठेवावाच लागला. काही हललं नाही. तानुबाईनं लोकांकडे तोंड केलं.

"माझा हात पडला तवा पळालं. ह्यांचा पडला तवा मेलं. आता सांगा, चेटूक कोन करतंय?"

ही ओळ मी तिला शिकवली नव्हती. मग मागून कुणी तरी म्हणालं, "म्हाराजच करनी करतोय." दुसरा म्हणाला, "माझ्या पोराचा ताप त्याच्यामुळंच." माणसं उठायला लागली. बाळासोनं त्या तोंडांकडे पाहिलं. त्यानंच त्यांना हे शिकवलं होतं, आता ते त्याच्याकडेच चालत येत होतं. तो घोंगडीवर मागं सरकला आणि ओरडला,

"आवं, करनी-बिरनी काय नसती. चार्जर बारका हाय. पासष्ट वॅटचा हाय तो. यंत्राला एकशे ऐंशी लागत्यात. कमी पडलं की यंत्र आपनच हळू हुतंय, जळू न्हाई म्हून. कंपनीनं तसंच केल्यालं असतंय."

"आणि नाडी?" मी विचारलं.

"नाडी न्हाई वो ती. मोठा चार्जर हाय. घोंगडीखाली हाय. बघा तुमीच."

त्यानं स्वतःच्या हातानं घोंगडी उचलली. विटेएवढा काळा चार्जर बोर्डात खोचलेला होता. बाजूला वेगवेगळ्या पिनांचे आणखी काही होते. मी फिजिक्स शिकवायला लागल्यापासून इतकं स्वच्छ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. खरं सांगते, त्याची घाबरगुंडी बघून मला बरं वाटलं. पण जमाव पुढं सरकतच होता, आणि त्यातल्या काहींचा अजूनही करणीवरच विश्वास होता, तेव्हा मला भीतीही वाटली. मागच्या रांगेतले दोघे उठले आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. गुंडालाही त्याच दुपारी दुकानातून उचललं.

मग त्या गोदामात मी शिकवलं. मेंढक्यांना कळेल असं सांगितलं. दहा मेंढरांचा चारा तीस मेंढरांना टाकला तर मेंढरं मरत नाहीत, पण चालायची मंदावतात. लॅपटॉप तेच करतो. लोक आपापली पिवळी फडकी सोडत होते. आतून बारके चार्जर निघत होते, गुंडाच्या दुकानातले. जमिनीवर दोऱ्यांचा ढीग साठला.

धनाजी आईपुढं येऊन उभा राहिला. "चल की आता घरी."

"येती," तानुबाई म्हणाली. "आदी वस्तीवर जा. ज्या ज्या घरात माझं नाव सांगितलंस, त्या त्या घरात जाऊन सांग, माझ्या आईचं काय नव्हतं, माझ्या डोस्क्याचं हुतं. मग मला न्यायला ये. आनि ती पिशवी तूच डोक्यावर घे."

मी तिला म्हणू शकले असते, जाऊ द्या मावशी, लेकच आहे. नाही म्हणाले. धनाजी घराघरांत गेला. शेवटच्या घरातल्या म्हातारीनं त्याला दारातच उभं करून सगळ्या पोरांसमोर दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग तो पिशवी डोक्यावर घेऊन आईच्या मागून वस्तीत शिरला. दिवेलागण होती, मेंढरं आत येत होती, बल्ब लागला. लॅपटॉपला मोठा चार्जर लावलेला होता. सोनम आजीच्या मांडीवर चढून बसली आणि वरात बघायला लागली.

बाळासो आज ना उद्या जामिनावर सुटेल. त्याच्यासारखे आणखी निघतील, कुणी फ्रिजला मंत्र घालील, कुणी मोटारीला. त्यांना थांबवायला मी कुठं कुठं पुरणार? पण लॅपटॉप रोज संध्याकाळी खरं कारण लिहून दाखवत होता आणि शिकलेली माणसं त्याला हात जोडून बटण दाबत होती, हे मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका. घरातलं काही अडलं, तर वस्तूवर लिहिलेलं आधी वाचा. कळलं नाही तर कुणाला तरी विचारा. एकेक वायर ओढून बघा. माणसाला उंबऱ्याबाहेर ओढायच्या आधी एवढं तरी करा.