नळाच्या दिवशी घरी कोण?

मी एक जुना प्लास्टिकचा ड्रम आहे. कधीकाळी गडद निळा होतो, उन्हाने आता पांढुरका पडलोय. शिरपूर जैनपासून थोडं आत एक गाव आहे, तिथल्या खालच्या आळीत सीताबाईंच्या दारात मी उभा असतो. मित्रांनो, रिकामं भांडं जास्त वाजतं म्हणतात. आज मी रिकामाच आहे, तेव्हा जरा वाजू द्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतो तो वास. माझ्या पोटात भांडी घासायचा पातळ साबण भरलेला होता. साबण संपला तसं माझं मोलही संपलं आणि मी भंगारवाल्याच्या ढिगात जाऊन पडलो. नवा ड्रम घ्यायचा तर एकदम पैसे मोजावे लागतात. माझ्यासारखा जुना मात्र बाजारात घासाघीस करून मिळतो. सीताबाईंनी मला दोन थापट्या मारून पाहिलं आणि डोक्यावर घेतलं.

"सस्ता रोये बार बार," शेजारच्या बेबीताई सोबत होत्या, त्या म्हणाल्या.

"रडू मंग," सीताबाई म्हणाल्या. "हसाले पैसे कोठून आनू?"

बेबीताईंचं खरं झालं. माझा वास काही जाईना. राख लावून झाली, चिंच लावून झाली, कडुनिंबाचा पाला टाकून झाला. प्रत्येक धुण्याला पाणी लागे, आणि पाणी साठवायलाच तर मला आणलं होतं. दिवाळीपर्यंत त्या घरच्या चहाला साबणाची चव होती. पाहुणे अर्धा कप ठेवून उठायचे आणि सीताबाई कप विसळायच्या.

पुढे वास गेला आणि मला बरे दिवस आले. दसऱ्याला विळा, पाटा आणि मी, तिघांना हळद-कुंकू लागायचं. त्यांची मुलगी राधिका माझ्या झाकणावर बसून मोठ्याने पाढे म्हणायची. मलाही पाढे पाठ झाले. ड्रमाला त्यांचा काय उपयोग ते विचारू नका.

आता नळाचं सांगतो, कारण त्याशिवाय तुम्हाला माझं आयुष्य कळायचं नाही. आमच्या गावात नळ रोज येत नाही. आठवड्यातून एकदा येतो, आणि कोणत्या वेळी येईल ते त्याचं त्यालाच माहीत. वरच्या आळीत दौलतरावांचं घर आहे. माणूस वाईट नाही. त्यांच्या अंगणात जमिनीखाली सिमेंटची मोठी टाकी आहे आणि नळाला मोटर लावलेली आहे. पाणी आलं की घरातलं कोणीतरी बटण दाबतं आणि आपल्या कामाला लागतं. वर अशा मोटरी चालू असेपर्यंत आमच्या आळीचे नळ नुसती हवा फुसफुसतात. आमच्याकडे धार लागते ती सगळ्यांचं भरून झाल्यावर, आणि लागली की तेव्हाच्या तेव्हा भरून घ्यावं लागतं. म्हणून नळाच्या दिवशी घरी एक माणूस थांबलंच पाहिजे. सीताबाई थांबल्या तर मजुरी बुडते. राधिका थांबली तर शाळा बुडते. राधिकाचे बाबा, जगदेवभाऊ, पुण्याकडे बांधकामावर असतात; त्यांना नळासाठी कोण सुट्टी देणार? बहुतेक वेळा राधिकाच थांबायची. पाणीपट्टी मात्र दौलतरावांना आणि सीताबाईंना सारखीच आहे.

त्यात एका उन्हाळ्यात मी फुटलो. टँकर आला अशी हाक झाली, राधिकाने मला आडवं करून रस्त्याकडे लोटत नेलं आणि मी एका दगडावर आदळलो. माझ्या कमरेला लांब भेग पडली. बेबीताईंनी विळा चुलीत लाल केला, फुटक्या बादलीचा तुकडा वितळवला आणि भेगेवर थापून बसवला. मला विचाराल तर दुखलं. ठिगळ दिसायला झकास होतं, पण पाणी कमरेच्या वर गेलं की ते पाझरायला लागायचं. तेव्हापासून मला अर्धाच भरतात. पाणी अर्धं झालं म्हणून नळ काही लवकर येत नाही. उरलेले दिवस नाल्यापलीकडच्या विहिरीवर जावं लागतं, तिथे रांगेत उभं राहावं लागतं, आणि कामावर उशीर झाला की अर्धी मजुरी कापली जाते. नव्या ड्रमासाठी सीताबाई डब्यात पैसे टाकायच्या. मग असाच एखादा बुडालेला दिवस यायचा आणि डबा रिकामा व्हायचा. माझ्या भेगेतून पाणी थोडं गेलं हो, त्या बाईचे दिवस फार गेले.

यंदा राधिका बारावीला होती. फेब्रुवारीत हरभऱ्याची सोंगणी, म्हणजे कापणी, लागली. आमच्याकडे बायांची टोळी अख्खं शेत अंगावर घेते आणि आलेले पैसे सगळ्या जणी सारखे वाटून घेतात. एकीने खाडा केला तर तिचं काम बाकीच्यांवर पडतं. म्हणून खाडा करणारीला हंगामभर परत घ्यायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलेलं. नियम बायांनीच केला होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता.

एका संध्याकाळी नळवाला सांगून गेला, उद्या पाणी. चुलीपाशी मायलेकी जेवायला बसल्या होत्या.

"आई, उद्या माही प्रॅक्टिकल हाये," राधिका म्हणाली.

"मले मालूम हाये."

"मी नाई जात. तू टोळीत जाय. सरले सांगीन मी, बिमार होती म्हनून."

"अन् मंग?"

"मंग पुढच्या साली देईन."

सीताबाईंनी तवा खाली उतरवला. "पुढच्या साली नळ येत नाई काय?"

राधिकाने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "भागिरथाबाई तुले टोळीत परत घेनार नाई, आई."

"नको घेऊ. तू सकाळची एसटी पकड."

सकाळी राधिका गेली. टोळी निघाली तेव्हा टोळीच्या म्होरक्या भागिरथाबाई दारात आल्या. सीताबाईंनी मान हलवून नाही सांगितलं. "मंग मले दुसरी बाई पाहा लागते," भागिरथाबाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड गेलं होतं. मग बाया गेल्या आणि आळी सामसूम झाली.

सीताबाईंनी नळाला रबरी पाइप जोडला, दुसरं टोक माझ्यात सोडलं आणि उंबऱ्यावर बसल्या. ऊन अंगणात आलं, अंगणातून भिंतीवर चढलं. नळ हवासुद्धा सोडेना. दुपारी कळलं की नळाला पाणी देणाऱ्या विहिरीवरचा गावचा पंप जळाला, पाणी आज येत नाही, उद्याचंही सांगता येत नाही. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय. मला राग आला. पंपाचा करावा की आणखी कोणाचा ते मात्र मला समजेना.

सीताबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पाइप गुंडाळून ठेवला, घागर उचलली आणि नाल्यापलीकडच्या विहिरीकडे निघाल्या. ते पाणी खारं आहे. कपड्यांना, गुरांना चालतं. पिण्याला अगदीच अडलं तर. त्या एक घागर आणून माझ्यात ओतायच्या की परत वळायच्या. मला आधी कळेना, ही बाई खाऱ्या पाण्याने मला कशाला भरतेय? नळ आलेल्या दिवशी जेवढा भरायच्या तेवढाच, बरोबर कमरेपर्यंत त्यांनी मला भरला, वर झाकण ठेवलं, आणि तोंड धुऊन चुलीपाशी जाऊन बसल्या. तेव्हा कळलं.

राधिका आली.

"झालं का?" सीताबाईंनी विचारलं.

"झालं. सरनं विचारलं ते सगळं आलं मले." मग माझ्याकडे बघत तिने विचारलं, "पानी कवा आलं?"

"आलं ना दुपारी. भरला ड्रम."

राधिकाने झाकण उचललं, पेला बुडवला आणि तोंडाला लावला. खारं पाणी पहिल्याच घोटाला कळतं. सीताबाई चुलीतली लाकडं उगाच पुढे-मागे करत होत्या. राधिकाने पेला खाली ठेवला नाही. सगळा संपवला.

"गोड हाये," ती म्हणाली.

भागिरथाबाईंच्या टोळीत आता दुसरी बाई आहे. सीताबाई हळद काढायला लांबच्या शिवारात जातात, तिथे मजुरी कमी आणि चालणं जास्त. राधिकाचा निकाल लागायचा आहे.

मित्रांनो, आपली गोष्ट संपवताना जुन्या वस्तूने 'मला जपा' म्हणायची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात द्या, आमच्या आळीला एक टाकी मिळाली तर मी हसत जाईन. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेल, दर आठवड्याला एक दिवस न येणारी. हजेरी घेताना तिला कोणी आळशी म्हणालं तर गप्प बसू नका. उभे राहा आणि सांगा, आज तिच्याकडे नळ आहे.