रावणाच्या डोक्यावर पावणेनऊ हजार वॅट

गुरुदास मास्तर वर्षभर चौथीला गणित शिकवत आणि जत्रेच्या रात्री दशावतारात रावण होत. कट्ट्याहून धामापूरला जाताना आमचं गाव लागतं. तिथली पोरं जत्रेनंतर आठवडाभर त्यांना वाट सोडून देत. खुद्द मास्तर पालीला भीत, आणि गावात वीज आल्यापासून विजेला.

त्याला कारण होतं. तारा ओढल्या त्याच महिन्यात शाळेजवळ एक वटवाघूळ दोन तारांना पंख लावायला गेलं आणि तिथेच लटकत राहिलं. मास्तर रोज त्याच्याखालून जात. वर बघायचं नाही असं ठरवून जात, आणि बघत.

दिव्यांचा मुकुट त्यांच्या मेव्हण्याने, परशुरामाने, करून दिला होता. परशुराम मुंबईला मोटारीच्या गॅरेजात होता. पुठ्ठ्याची नऊ तोंडं, प्रत्येकाच्या कपाळाला मोटारीतला एक बारका दिवा, आणि दहावा दिवा थेट मास्तरांच्या कपाळावर. वायर पाठीवरून खाली, पडद्यामागच्या बॅटरीला. मागच्या जत्रेला तो मुकुट पेटला तेव्हा बायकांनी रावणालाच हात जोडले.

यंदा जत्रेच्या दिवशी, ऊन उतरताना, बॅटरी अजून कट्ट्याला भिकाजी ट्रकवाल्याकडे चार्जिंगलाच होती. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाळा खोत म्हणाले, "बॅटरी व्हयी कित्याक? देवळात लायट इली मा? भिंतीत भोकां आसत, वायर थंय घाला."

"खोतानू, मुकुट बारा व्होल्टाचो आसा," मास्तर म्हणाले.

"आणि भिंतीतली लायट?"

"दोनशे तीस."

"मगे बराच झाला. उजेड जास्त पडतलो."

चार माणसं हसली. खोतांनी मास्तरांकडे निरखून पाहिलं. "भियालात की काय, मास्तर?"

"छे," मास्तर म्हणाले, आणि अडकले.

घरी येऊन त्यांनी पाटी घेतली. खांबावर चढणाऱ्या वायरमनने त्यांना दोन नियम सांगितले होते: व्होल्टला अँपियरने भागलं की तारेचा विरोध येतो, ओहममध्ये; आणि व्होल्टला अँपियरने गुणलं की वॅट येतात, म्हणजे दिवा किती खातो ते. परशुरामाने सांगून ठेवलं होतं की दहा दिवे मिळून दोन अँपियर ओढतात. बारा भागिले दोन, सहा ओहम. बारा गुणिले दोन, चोवीस वॅट. इथवर ठीक होतं.

मग त्यांनी बाराच्या जागी दोनशे तीस लिहिले. विरोध तोच सहा धरून भागाकार केला. अडतीस अँपियर आले. गुणाकार केला आणि खडू मोडला.

"सुगंधा, पावणेनऊ हजार वॅट."

"खंय?" सुगंधावहिनी वाटण वाटत होत्या.

"माझ्या डोक्यार. चोवीसाच्या जागेर."

"इतके पेटतले?"

"पेटूच्या आधीच फुटतले. काच कपाळात, आणि घामान भिजलेली वायर पाठीर."

वहिनींचा हात थांबला. "मगे नाय म्हणून सांगा."

"चार माणसांत छे म्हटलंय."

"रावणान सीता पळवल्यान तेव्हा कोणाक विचारल्यान नाय," वहिनी म्हणाल्या, "आणि तुमी खोताक भिता." पण पाट्याकडे परत वळल्या तेव्हा त्यांनी वाटणात दुसऱ्यांदा मीठ घातलं. मास्तरांना ते दिसलं, आणि उरलासुरला धीर गेला.

दिवेलागणीला ते देवळाकडे निघाले. वाटेत वटवाघूळ होतं. त्यांनी बघितलं.

देवळाच्या मागे शिवा गावकर पानाला चुना लावत बसले होते. खेळाआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांच्या घराण्याकडे. गाऱ्हाण्यात गावकर बोलतात आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. देवासमोर व्हय म्हटलेलं मागे घेता येत नाही.

मास्तरांनी त्यांच्या कानात सांगितलं. गावकरांनी पान तोंडात टाकलं.

"आकडे माझ्या ध्यानात रवचे नाय रे."

"मी पाठी उभो रवतंय."

गाव जमला. खोत पहिल्या ओळीत हात जोडून, डोळे मिटून. मुकुटाची वायर भिंतीजवळ ठेवलेली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली आणि गावकरांच्या मागे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या जत्रेक रावण उभो रवता."

"व्हय म्हाराजा."

"त्येच्या मुकुटाक बारा व्होल्ट सोसतत, आणि दोन अँपियर धावतत."

"व्हय म्हाराजा."

"बाराक दोनान भागला, सा ओहम विरोध इलो."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. ओहम हा जवळपासच्या एखाद्या देवस्थानाचा राखणदार असावा, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली.

"आता भिंतीतले दोनशे तीस. त्येका त्या सा ओहमान भागला, अडतीस अँपियर."

मागून मास्तर एकेक आकडा पुटपुटत होते. गावकर तो जसाच्या तसा पुढे देत होते.

"दोनशे तीसाक अडतीसान गुणला, पावणेनऊ हजार वॅट, एका माणसाच्या टाळक्यार."

"व्हय म्हाराजा." यात खोतांचा आवाज सर्वांत मोठा होता. सवयच तशी.

"तर बा म्हाराजा, जो कोण ती वायर भिंतीत घालीत, त्येका रावणाच्या मरणाचो धनी कर."

"व्ह..." म्हणताना खोतांनी डोळे उघडले. उरलेला गाव पुढे गेला होता. खोतांनी भिंतीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "म्हाराजा."

मग त्यांनी एका सायकलवाल्याला हाक मारली. "कट्ट्याक जा आणि बॅटरी हाड. हळू हाड. पाणी सांडात तिचा."

खेळ उशिरा सुरू झाला. रावण बाहेर आला, डोक्यावर चोवीस वॅट. हिशेब बरोबर असल्याची मास्तरांना खात्री होती, पण खात्रीचा गुडघ्यांवर काही परिणाम नव्हता. दहाही तोंडं लटलट कापत होती, दहा दिवे थरथरत होते.

"काय राग आसा बघा," खोत शेजाऱ्याला म्हणाले.