नारळाचा पोचा

तुमच्या डोक्यावर तांदळाची गोणी ठेवून कुणी ती वर्षानुवर्षं विसरून गेलंय का? माझ्या टपावर ठेवली होती. शेजारी दिवाळीच्या माळांचं खोकं आणि मंडळाच्या सतरंज्या. मी निमूट उभी होते.

मी लांब नाकाची, दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. मुक्काम चँडलर, ॲरिझोना. उल्हासकाका नागपूरहून इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत आले, तेव्हा त्यांनी हौसेनं मला एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून घेतलं. काय मिरवायचे माझ्यातून! मग आसावरी जन्मली. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची काही केल्या बसेना. घरात मोठी गाडी आली आणि मी गॅरेजमधलं फडताळ झाले.

माणसांचं एक मात्र छान आहे. ती विसरतात, पण टाकून देत नाहीत.

आसावरीनंच मला बाहेर काढलं. आता ती मोठी झाली होती, ऑफिसात कंप्युटरपुढे बसून कंटाळलेली. तिच्या मनात एकच होतं: मोनाच्या वर्कशॉपमध्ये काम करायचं. मोना जुन्या स्पोर्ट्स कार नव्या ढंगात सजवते. ती आसावरीला म्हणाली होती, "नट-बोल्ट सगळेच फिरवतात गं. तुझी स्टाइल काय, ते एका वाक्यात सांग आणि गाडीवर दाखव. कॉपी आणलीस तर सॉरी."

इंजिन आसावरीनं झकास जमवलं. घोडं अडलं ते या एका वाक्यापाशी. तिनं मला रुंद चाकं लावून पाहिली, काढली. रेसच्या गाडीसारखे पट्टे मारले, खरवडले. एकदा मागे एवढा मोठा पंख बसवला की तिची आई, शैलजाकाकू, म्हणाल्या, "वा! आता यावर पापड वाळत घालते." दर वेळी मला वाटायचं, दुसऱ्याचे कपडे घालून लग्नाला निघालेय.

शेवटी कंटाळून तिनं मला साधा गडद हिरवा रंग दिला. मोना दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि वाक्य अजून सापडलं नव्हतं.

"निदान पूजा तरी करू," काका म्हणाले. काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. काकांनी नारळ ओवाळला आणि अंगणातल्या काँक्रीटवर असा काही आपटला, की अर्धा नारळ उसळून थेट माझ्या दारावर आला.

ठण्ण!

पोचा पडला. रंगाचा टवका उडून आतला पत्रा दिसू लागला.

"बाबा! सीरियसली?" आसावरी मटकन पायरीवर बसली. "उद्या मोना येतेय! रंग वाळायला तरी वेळ आहे का?"

"अगं, हळूच फोडला मी..."

"अहो, हळूच?" काकू म्हणाल्या. "शेजारचा कुत्रा अजून भुंकतोय!"

त्यांनी लेकीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिता पिता तिचं बोट तांब्यावरच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवर थांबलं. त्यांच्या शेजारीच एक जुना पोचा होता.

"आई, हा एवढा चेपलाय. बदलला का नाहीस?"

"बदलू कसा? माझ्या आत्यानं दिलाय. नाव आहे ना तिचं."

आसावरी तांब्याकडे पाहत राहिली. मग माझ्या दाराकडे.

"बाबा, पॉटलकच्या जेवणाला नेतो त्या भांड्यांवर नावं घालतोस ते मशीन कुठंय?"

"ड्रॉवरमध्ये. का गं?"

"घेऊन ये. या पोच्यात तुझं नाव घाल."

"वेडी आहेस का? आत्ताच तर बिघडवून ठेवली मी."

"म्हणूनच!"

काकांनी मशीन आणून सुई पत्र्यावर टेकवली. मला तर गुदगुल्याच झाल्या. उघड्या पत्र्यावर अक्षरं उमटली: 'उल्हास. पहिला नारळ.' आसावरीनं वरून पारदर्शक लेप मारला. मग तिनं माझी जुनी ठिगळं शोधून काढली. बंपर भंगारातून आणून देणारा तिचा मित्र कुश, सीट शिवणाऱ्या काकू, मला पहिल्यांदा जपणारा तो म्हातारा शेजारी, सगळ्यांची नावं ज्याच्या त्याच्या जागी उमटली. ऊन कलेपर्यंत बापलेक माझ्याभोवती गुडघ्यांवर बसले होते.

"मिळालं वाक्य," आसावरी म्हणाली. "दुरुस्ती लपवायची नाही, ज्याच्या हातची त्याचं नाव तिथंच घालायचं."

"आणि मोनाला नाही आवडलं तर?" काकांनी विचारलं.

"तर नाही आवडलं. पण कॉपी तर नाही ना, यार!"

तुमच्याही गॅरेजात माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याला नवं कोरं करायला धावू नका. आधी त्याच्यावर कुणाकुणाचे हात फिरलेत, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोना आली. तिनं दारावरची अक्षरं बोटानं चाचपली, काकांना त्यांचा अर्थ विचारला, खूप हसली, आणि आसावरीला वर्कशॉपमधली तिची कामाची जागा दाखवायला माझ्यातच बसवून घेऊन गेली.