बदामीचा पाय आणि आखूड दोर

मित्रांनो, मी एक जुना खुंटा आहे. धावड्याच्या लाकडाचा. गोरेगावच्या अलीकडे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला, त्या उंच बांधाला, लागून असलेल्या गावात, ईश्वरदासच्या अंगणात मी अर्धा जमिनीत गाडलेला आहे. धरून ठेवणं, एवढंच माझं काम. त्याच कामाचं लोकांनी कौतुक केलं, आणि त्याचाच मला राग आहे. ऐका.

मला ईश्वरदासच्या बापानं तासलं. पहिल्याच वर्षी एका मस्तीखोर गोऱ्ह्यानं दिवसभर हिसके दिले, मी हललो नाही. "खुंटा असावा त असा," म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, माझ्यावर लुगडी वाळू लागली. मग ईश्वरदासनं वरातीसाठी एक शिंगरू आणलं. बदामाच्या रंगाचं, म्हणून नाव बदामी. तिला त्यानं हातानं भरवून वाढवलं. तिच्या पहिल्या वरातीची तो वाट पाहत होता.

आमच्याकडे वरातीची घोडी पावसाळाभर उभीच ठेवतात. त्या दिवसांत लग्नं नसतात. फिरवली तर ओरखडे येतील, उन्हानं रंग उतरेल. म्हणून आखूड दोरानं बांधायची, चुनी-कोंडा चारायचा, खरारा करायचा. अंग आरशासारखं चमकतं. येणारा चमक पाहतो आणि वाहवा करतो. मांड्या कोण पाहतो? माझ्याभोवती खुरांचा एकच लहान गोल पडला होता. त्याच्या पलीकडे गवत गुडघ्याएवढं वाढलं. दौडण्याच्या वयाचं जनावर, आणि मी त्याला धरून उभा. बदामीच्या मांड्या सुकत गेल्या. कुणाला दिसल्या नाहीत.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तिचा मागचा उजवा पाय काठीसारखा ताठ झाला. वाकेचना. खुराचं टोक मातीत घासत तिनं तो ओढला, घाबरून माझ्यावर आदळली, आणि मग खट्! पाय सुटला.

शेजारचा केवळराम कुंपणावरून हसला. "ईश्वरदास, तुही घोडी त लंगडी खेळून रायली गा! घोडीवर नवरदेव बसवशीन, का नवरदेवावर घोडी?"

जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर पुष्पांजली आल्या. त्यांनी मांडी चाचपली, खूर पाहिले. "काका, पायाच्या वरच्या सांध्यात वाटी असते. मांडीत जोर नाही, म्हणून ती वर जाऊन अडकते. हिला बांधून ठेवू नका. खूर सारखे करून घ्या. रोज चालवा, मग हळूहळू पाळीचा चढ-उतार. पाय अडकला तर पुढे ओढू नका, मागे सरकवा. एवढं करूनही नाही सुधारली तर ऑपरेशन आहे, पण ते शेवटी."

ईश्वरदासनं मान हलवली. डॉक्टरांची गाडी वळली आणि त्यानं बदामीला पुन्हा मलाच बांधलं. "वरात तोंडावर आली. पाळीवरून घसरली त लोकायले काय दाखवू?"

वरातीच्या सकाळी पाय अडकला तो सुटेचना. बदामी थरथरत होती. तिच्या अंगाला घाम फुटला होता.

"वात धरला," केवळराम म्हणाला. "डाग दे. तुह्या बापानं कितीक जनावरं डागून उभी केली."

ईश्वरदासनं गवऱ्या पेटवल्या आणि विळा तापत ठेवला. त्याचा मुलगा वीरेंद्र यानं दोर इतका आवळला की बदामीचा जबडा माझ्या माथ्याला टेकला. तिचा श्वास माझ्यावर आदळत होता. विळा काळ्याचा तांबडा झाला. ती सगळ्या अंगानिशी मागे ओढत होती आणि मी, मजबूत खुंटा, तिला हलू देत नव्हतो. मी सडका असतो तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ईश्वरदासची बायको सुशीलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "काऊन जी, डॉक्टरीण मागं सरकवा म्हणाली होती ना?"

"तू घरात जाय."

"जातो ना. आधी हे सांगा, बांधलेली घोडी मागं सरकन कशी?"

केवळरामनं ओल्या पोत्यात विळ्याची मूठ धरली. "सरा बाजूले, वहिनी."

ती सरकली नाही. माझ्या माथ्यावरची गाठ सुटेना, तेव्हा तिनं दात लावले. वीरेंद्रनं बापाकडे पाहिलं, मग विळ्याकडे. त्यानं हातातला दोर सोडून दिला. गाठ ढिली झाली आणि बदामी विस्तवापासून मागे हटली. एक पाऊल. ताठ पाय घासला. आणखी एक पाऊल.

खट्!

बदामी चारही पायांवर उभी होती.

"धाकानं सुटला," केवळराम पुटपुटला.

"धाकानंच सुटते, मंग डागता कायले?" सुशीलाबाईनं विचारलं.

ईश्वरदासनं केवळरामच्या हातातून विळा घेतला आणि पाण्याच्या टाक्यात टाकला. चर्र आवाज झाला. मग त्यानं नवरदेवाच्या घरी फोन लावला. "घोडी येत नाही. नाही जी, मेली नाही. चालणं शिकून रायली." पलीकडून शिव्या आल्या. त्यानं फोन कानापासून दूर धरला, पण बंद केला नाही. सगळ्या ऐकून घेतल्या.

आता वीरेंद्र तिला रोज पाळीवर नेतो. पाय अजूनही मधूनच अडकतो, मग तो तिला मागे सरकवतो. मी रिकामा आहे. मला वाळवी लागली आहे आणि माथ्यावर एक कोंबडी बसते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, तुमच्या घरी तरणं जनावर असेल तर त्याच्या अंगाची चमक पाहून फुगू नका. त्याच्या खुंट्याभोवतीचं गवत पाहा. ते वाढलं असेल तर जनावर आपोआप आजारी पडत नाही, तुम्ही पाडता आहात. दोर सोडा. डागण्याआधी तरी सोडा!

मला इथून पाळ दिसत नाही, फक्त टापा ऐकू येतात. तीन वाजतात, चौथी घासते. ज्या दिवशी चारही सारख्या वाजतील, त्या दिवशी मला खुशाल उपटून चुलीत घाला.