कपाटाची पाठ

रमाकांतचं लग्न ठरलं आणि कालिंदीबाईंनी घर उपसायला काढलं. गिरगावातल्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये एवढं सामान मावलं तरी कसं होतं, याचं गॅलरीत रचलेला ढीग पाहून शेजाऱ्यांनाही नवल वाटलं. सासऱ्यांची पिकदाणी, वेत तुटलेल्या दोन खुर्च्या, एका बाजूनं कललेला पाळणा, तळ गेलेलं घंगाळ, कुणाच्या तरी मुंजीतले पाट. असल्या वस्तू टाकायला काढल्या की घरातलं कुणीतरी हळवं होतं आणि वस्तू मुकाट्यानं पुन्हा माळ्यावर जाते, असा सगळ्या जगाचा अनुभव. कालिंदीबाई त्यातल्या नव्हत्या. "घ्या हो कमळाबाई, नातवाला होईल," म्हणून पाळणा शेजारी गेला, घंगाळ मोडीत गेलं, पाटांचं सरपण झालं. शिवाय हळवं व्हायला घरात दुसरं होतं कोण? सासूसासरे कधीच गेले होते. नवऱ्याला, गंगाधरपंतांना, जाऊनही काही वर्षं लोटली होती. उरले होते ते मायलेक.

राहिलं एक कपाट. ते टाकायचा प्रश्नच नव्हता, कारण ते नुसतं कपाट नव्हतं, घरातली भिंत होती. बाहेरच्या खोलीत ते आडवं उभं होतं. तोंड दाराकडे, सागवानी, पितळी कड्यांचं. पाठ रस्त्यावरच्या खिडकीकडे. खिडकी आणि पाठ यांच्यामध्ये एक गादी पसरेल एवढी जागा. घरात ज्यांचं नवं लग्न झालेलं असेल त्यांनी कपाटामागं निजायचं, बाकीच्यांनी कपाटापुढं, असा त्या घराचा कायदा. चाळीत जवळजवळ सगळ्याच घरांचा तो कायदा होता. कुठं कपाट होतं, कुठं नुसतं लुगडं. कालिंदीबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या कपाटामागं गेल्या आणि पन्नाशी जवळ आली तरी तिथंच निजत होत्या. आता तिथं सून येणार. आपली वळकटी स्वयंपाकघरात न्यायची, हे त्यांनी न सांगता ठरवून टाकलं होतं, आणि त्याचं त्यांना खरंच काही वाटत नव्हतं.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

कपाट नवं करून घ्यायचं रमाकांतच्या मनात होतं. होणारी बायको सुनेत्रा थेट अमरावतीची. तिकडच्या मोठ्या अंगणातून ही मुलगी दोन खोल्यांत येणार, तिला निदान एक वस्तू तरी चकचकीत दिसावी, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. लालबागहून गुणाजी सुतार आला. दाराला आरसा बसवायचा, जुनं पॉलिश खरवडून नवं चढवायचं, हे सगळं ठरलं. मग रमाकांत कपाटामागं शिरला.

"आणि ह्या पाठीच्या फळ्या काढून टाक. किड्यांनी पोखरल्यात. प्लायवूड मार."

गुणाजीनं फळीवर बोटांची पेरं वाजवून पाहिली. "माका तरी भोक खंय दिसत नाय. देवदार हा, पन घट्ट हा."

"अरे, लहानपणापासून ऐकलंय मी. कपाटाला उशी लावून निजायचो ना. रात्र झाली की आत कुरतडणं सुरू."

"तुमी म्हनतास तर काढूया," गुणाजी म्हणाला. त्याला काय, लाकूड तेही आणि लाकूड हेही.

कालिंदीबाई चहा घेऊन येत होत्या. त्यांनी कपबश्या तिथंच खाली ठेवल्या.

"राहू दे ना रे मागचं," त्या म्हणाल्या. "कपाटाची पाठ कोण बघायला जातंय?"

"तीच बघणार ना रोज," रमाकांत म्हणाला आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. कालिंदीबाईंनी विषय तिथंच सोडला.

बोलणार तरी काय! सगळ्या घरावर उदार झालेली ही बाई एका फुटकळ देवदारी फळीसाठी अडून बसली, तर तिला कारण विचारणार. आणि कारण पोटच्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं. परक्याला एकवेळ सांगता आलं असतं.

गुणाजीनं दिवसभरात कपाट सुटं केलं. दारं, कप्पे, फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि उद्या पॉलिशचं सामान घेऊन येतो म्हणून गेला. त्याच संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर दिल्लीची बातमी आली, मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहायची. चाळीतले सगळे जिने एकदम वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी गुणाजी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लालबाग-परळकडे गोळीबार चालल्याचं कुणीकुणी येऊन सांगे. गिरगावातही डोळ्यांना झोंबणारा धूर येई, घोषणा येत, लगेच धावणाऱ्या पावलांचे आवाज येत, आणि कर्फ्यू लागला की एवढा हमरस्ता अंगणासारखा मोकळा पडे. ट्राम नाही, घोडागाडी नाही, फेरीवाल्याची हाक नाही. कालिंदीबाईंनी गुणाजीसाठी देवापुढं हात जोडले. आणि त्याच हातांनी, तो आणखी चार दिवस येऊ नये, असंही मागून घेतलं. देवाला काय गोंधळ झाला असेल तो झाला असेल.

कारण घरात काहीतरी विलक्षण झालं होतं. भिंतच नव्हती. ऊन खिडकीतून शिरे ते कुठंही न अडखळता थेट चुलीपर्यंत जाई. इतक्या वर्षांत स्वयंपाकघराला ऊन माहीत नव्हतं. डब्यांवर, चिमट्यावर, पाण्याच्या पिंपावर ते निवांत बसून राही आणि कालिंदीबाई हातातलं काम विसरून त्याच्याकडे बघत राहत. कपाटापुढची जमीन आणि मागची जमीन वेगळ्या रंगांच्या निघाल्या. मधे एक फिकट पट्टा. त्या पट्ट्यावर पाय द्यायला त्यांना धीर होईना.

आणि पाठीची ती सगळ्यात खालची फळी भिंतीला टेकून भर उजेडात उभी होती. रमाकांत खाली कोपऱ्यावरच्या मंडळींत गेला की त्या तिच्यापुढं जाऊन उभ्या राहत. पण त्यांना काही दिसेना. देवदाराच्या रेषा, काळ्या गाठी, एका कडेला खोक्याचा जुना खिळा. माझगावच्या गोदीतली मोडकी खोकी विकत आणून सासऱ्यांनी ती पाठ करून घेतली होती, तेवढंच ते लाकूड. कालिंदीबाई पुढं गेल्या, मागं आल्या, मान वाकडी करून पाहिलं. काही नाही. म्हणजे नव्हतंच का काही? इतकी वर्षं आपण काय बघत होतो?

एका दुपारी चाळ झोपल्यासारखी होती. कालिंदीबाईंनी दाराकडे पाहिलं, मनाशी काहीतरी म्हटलं, आणि फळी जमिनीवर कपाटात होती तशी आडव्या कडेवर उभी करून, त्या पदर आवळून तिच्यासमोर डाव्या कुशीवर निजल्या. तोंड फळीपासून हातभर. डोळे अर्धे मिटलेले.

आणि खाडी आली.

सावकाश आली, भरतीचं पाणी येतं तशी. जैतापूरच्या खाडीकाठचं त्यांचं माहेर. खालची मोठी गाठ म्हणजे धक्का. त्याच्याजवळून रेषा सुटतात ते पाणी, मधे दोन बेटं, पलीकडे रेषा दाट होतात ते माड. सोळा वर्षांची कालिंदी पहिल्या रात्री याच कुशीवर वळून रडत होती. मोठ्यानं रडायची सोय नव्हती. कपाटापुढं सासू, सासरे, नणंद. गंगाधरपंत तरी काय बोलणार? एक शब्द बोलले असते तर तो सकाळी चहाबरोबर सगळ्यांना मिळाला असता. मग रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फळीवर पडला आणि तिला धक्का दिसला. तिनं नकळत बोट ठेवलं. मागून एक हात आला. त्यानं तिचं बोट धरलं आणि नखानं हळूच, रेषेवरून, धक्क्यापासून थोडं पुढं नेलं. खर्र.

एवढंच. दुसऱ्या रात्री आणखी थोडं. कधी ते बेटाला वळसा घालून जात, कधी तिनं बोट अडवलं की तिथंच मुक्काम होई. भांडण झालं की ती बोट मागं धक्क्यावर नेऊन ठेवी, म्हणजे हे बापडे पुन्हा सगळी खाडी ओलांडायला तयार. दिवसा हिशेबाच्या कचेरीत मान मोडून काम करणारा तो अबोल माणूस रात्री नावाडी होई. संसारात त्यांचं बोलणं ते केवढं झालं असेल? पण कालिंदीबाईंना आपण कधी मुक्या होतो असं वाटलं नाही. त्या सुखी होत्या, चांगल्या भरपूर सुखी होत्या, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"आई! काय झालं? पडलीस का?"

रमाकांत दारात उभा होता. कालिंदीबाई धडपडत उठून बसल्या.

"मला काय धाड भरलीय? जरा आडवी झाले."

"फरशीवर? फळीकडे तोंड करून?"

आता नाही बोललं तर कधीच नाही, हे त्यांना कळलं. "रमाकांत, ही फळी टाकू नकोस."

"अगं, पण पोखरलीय ती."

"नाही पोखरलेली."

"मी स्वतः ऐकलंय! निजानीज झाली की व्हायचं. खर्र, मग थांबायचं, मग पुन्हा खर्र. आजीला उठवलं एकदा, म्हटलं कपाटात किडा आहे. तर म्हणाली, किडाबिडा काही नाही, झोप मुकाट्यानं."

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं! कालिंदीबाईंना इतक्या वर्षांनी लाजही वाटली आणि हसूही आलं. त्यांनी हळूच विचारलं, "आणि आता येतो का आवाज?"

"आता नाही. मेला असेल किडा. बरेच दिवस झाले, बाबा गेले तेव्हापासूनच..."

तो थांबला. त्यानं फळीकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे, मग दुसरीकडेच कुठंतरी. महिन्याभरानं बोहल्यावर चढणारा पोरगा, त्याला सगळं कळायला वेळ लागला नाही. कालिंदीबाई खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग तो आपण होऊन तिथंच डाव्या कुशीवर निजला. "काय आहे यात?"

"खाडी. आमच्या गावची." त्यांनी खाली बसून बोट ठेवलं. "इथून निघायचो."

"आणि कुठवर गेला होतात?"

त्यांचं बोट रेषेवरून सरकत गेलं, दोन्ही बेटं मागं टाकून, माडांच्याही वर, आणि वरच्या कडेच्या थोडं अलीकडे थांबलं. "इथवर. मग ह्यांचं दुखणं सुरू झालं."

"पुढं? तू पाहिलं नाहीस?"

"मी एकटी कशाला जाऊ रे?" त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत.

रमाकांत उठून बसला. "फळी तुला स्वयंपाकघरात देतो. गुणाजी आला की भिंतीला ठोकून घेऊ. तुझीच आहे ती."

हेच तर त्यांना हवं होतं. हेच मागण्यासाठी चार दिवस जीव वरखाली होत होता. पण मिळतंय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं दुसरंच आलं. लांबून आलेली एक मुलगी, कपाटामागं, कुशीवर वळलेली, आणि समोर कोरंकरकरीत प्लायवूड.

"नको," त्या म्हणाल्या. "जिथं होती तिथंच लाव."

"पण सुनेत्रा अमरावतीची. तिनं खाडी पाहिलेलीसुद्धा नसेल. तिला सांगावं लागेल, हे पाणी, ही बेटं..."

"काही एक सांगायचं नाही तिला! तिला कापसाचं शेत दिसेल, नाहीतर आणखी काही दिसेल. तिचं तिला दिसू दे." कालिंदीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "रडेल ती पहिले काही दिवस. तेव्हा बोलत बसू नकोस. नुसतं बोट धर तिचं."

आपण हे मुलाशी बोललो, हे त्यांना एकदम उमगलं, आणि चहा टाकायचं निमित्त करून त्या उन्हातून चालत स्वयंपाकघरात गेल्या.