मुठीवरचा जांभळा डाग

मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो, आणि पहिल्याच दमात कबूल करून टाकते की मी आयुष्यभर एका रबरी शिक्क्यावर जळत आले. हसू नका. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही जळला असतात.

माझा जन्म कानपूरच्या कारखान्यात झाला. पोलाद तासून, घासून मला घडवलं, अंगावर नंबर कोरला आणि मुठीला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लाकूड बसवलं. तिथून मी आले ती थेट बुलढाणा जिल्ह्यात, नदीकाठच्या एका गावी, जनकाबाईंच्या कापडी पिशवीत.

जनकाबाई गावच्या पहिल्या बाई सरपंच. चौथी शिकलेल्या, दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून दिवस काढलेल्या. तेव्हा नदीतली रेती दिवसाढवळ्या ट्रॅक्टर भरभरून चालली होती. गावाची प्यायच्या पाण्याची विहीर पात्राला लागूनच. रेती जाईल तसं विहिरीचं पाणी खाली खाली चाललं. जनकाबाईंनी तहसीलला अर्ज केला आणि त्यांच्या घरावर दगड यायला लागले. मग जिवाला धोका म्हणून त्यांना परवाना मिळाला. दोन दुभत्या म्हशी विकून आणि भावाचा हातभार घेऊन त्यांनी मला आणलं. दोन म्हशी, मित्रांनो! मला वाटलं, आता या घरात आपला थाट काही विचारू नका.

थाट कसला डोंबलाचा! पिशवीत आधीच एक महाशय ठाण मांडून बसलेले. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. लाकडाची मूठ, खाली रबर, किंमत वीस-पंचवीस रुपये, आणि तोरा केवढा! सकाळी दार उघडत नाही तोच लोक दारात. "सरपंचबाई, रहिवासी दाखल्यावर शिक्का द्या." "बाई, पोरीचा शाळेचा फारम हाय, तेवढा शिक्का मारा न." गावातली एकही व्यक्ती कधी म्हणाली नाही, की बाई, जरा रिव्हॉल्व्हर दाखवा. आणि तो परत पिशवीत यायचा तो ओल्या शाईसकट, माझ्याच अंगावर. एकदा त्याची जांभळी शाई माझ्या मुठीच्या लाकडात मुरली. जनकाबाईंनी घासलं, राखेनं घासलं, पण डाग काही गेला नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू!

मी वाट पाहत राहिले. म्हटलं, येईल, माझाही दिवस येईल.

तो दिवस आला. भर दुपारी जनकाबाई एकट्याच नदीवर रेतीचे खड्डे बघायला गेल्या होत्या. तिथं रेतीवाला कुलदीपशेठ तीन माणसं घेऊन आडवा आला. त्याच्या हातात तयार टाइप केलेला कागद होता. रेती काढायला ग्रामपंचायतीची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं.

"बाई, सही तं आमी करून घेऊ," तो म्हणाला. "तुमी फक्त शिक्का मारा अन् घरी जा. पोरगं लहान हाय तुमचं."

एका माणसानं फावडं खांद्यावरून खाली घेतलं. जनकाबाईंचा हात पिशवीत आला. आणि मित्रांनो, तो सरळ माझ्यावर आला! त्यांची बोटं माझ्या मुठीभोवती आवळली, एक बोट चापाशी टेकलं. माझं पोलाद शहारलं. आता बघ म्हटलं, शिक्क्या, कोण कामाचं ते!

आणि ती बोटं सुटली. हात बाजूला सरकला आणि शिक्का उचलून बाहेर गेला.

मी पिशवीच्या तोंडातून सगळं पाहिलं. कुलदीपशेठनं हसत कागद पुढं केला. जनकाबाईंनी हात मागं नेला आणि तो शिक्का सगळा जोर लावून नदीच्या डोहात भिरकावला.

"शिक्का पायजे न तुले?" त्या म्हणाल्या. "जाय, घे काढून!"

तिघंही कमरेएवढ्या पाण्यात शिरले, पण धार त्याला कधीच घेऊन गेली होती. शिक्का नाही तर कागदाला किंमत नाही. जनकाबाई तिथून निघाल्या त्या ठाण्यात, शिक्का कसा गेला ते जसंच्या तसं लिहून द्यायला. नवा शिक्का यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत तहसीलची माणसं येऊन पंचनामा करून गेली आणि ट्रॅक्टर जप्त झाले. विहीर वाचली.

झालं! जो तो शिक्क्याचंच कौतुक करायला लागला. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं, तेव्हा धुणं धुताना शेजारच्या सत्यभामाबाईंना तो बाभळीच्या मुळात अडकलेला सापडला. रबर कुजलेलं, लाकूड फुगलेलं. तरी त्याला समोरच्या खोलीत शोकेसमध्ये मान मिळाला. मी मात्र पेटीत, फडक्यात गुंडाळून. पाहुणे आले की शिक्क्याची गोष्ट. मी पेटीतून ऐकायची आणि जळून खाक व्हायची. त्या पिशवीत मीही होते, एवढं तरी कुणी म्हणावं की नाही?

निवडणूक लागली की आम्हा परवान्याच्या शस्त्रांना ठाण्यात जमा व्हावं लागतं. दर वेळी निकालानंतर जनकाबाई मला न्यायला यायच्या. यंदा निकाल लागून दोन महिने झाले तरी कुणी आलं नाही. मी घाबरले. अखेर त्या आल्या, नात समताचा हात धरून.

"न्याची हाय ना, आजी?" रेणुका हवालदारांनी विचारलं.

"नाही वो बाई. आता माह्यानं होत नाही. कायमची जमा करून घे."

"किती गोळ्या झाडल्या हिनं?"

"एकबी नाही."

"मंग इतके वर्सं कायले सांभाळली?"

या प्रश्नाचं उत्तर ऐकायला मी सत्तावीस वर्षं थांबले होते.

"नदीवर पिशवीत हात घातला, तं पयले हेच लागली," जनकाबाई म्हणाल्या. "हे संगं होती म्हून तिथं उभी राह्यली, नाहीतं देल्ला असता शिक्का मारून. पण लय थंड लागली हाताले. वाटलं, हे काढली तं इथं कोणी ना कोणी मरते. म्या मेली तं माह्या लेकाले, धम्मरत्नाले, कोन हाय? अन् इहीर तं आटतेच. म्हून सोडली." त्यांनी माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला. "शिक्क्याची गोष्ट समद्याईले सांगतली, हिची कोनालेच नाही."

समतानं माझ्यावर एकदा हात ठेवला.

रेणुका हवालदारांनी नोंद केली. ओळखीची खूण म्हणून लिहिलं, "मुठीवर जांभळा डाग". मग खणातून एक गोल शिक्का काढला, शाईवर टेकवला आणि माझ्या पावतीवर ठप्पकन मारला. शेवटी पुन्हा तोच! जळायचं म्हटलं तरी मला हसू आलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटीत पडून असेल तर तिला हात लावू नका. मोठ्यांना सांगा, तिला ठाण्यात नेऊन जमा करा. मला आता तेल नको, फडकं नको, गंज चढला तरी चालेल. तेवढा मुठीवरचा जांभळा डाग मात्र कुणी पुसू नका.