खीर एकदाच

कारखान्यात माझ्या पोटावर चर्चा झाली तेव्हा मी तिथेच उभी होते. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. क्रेनच्या शिडीखाली सेफ्टी बेल्ट कमरेला गुंडाळून मी त्याची दोन टोकं एकमेकांना भेटवायला बघत होते, आणि ती टोकं रुसलेल्या विहिणींसारखी लांबच राहत होती. एक जण म्हणाला, दीदी ने छुट्टी में खूब खाया है. दुसरा म्हणाला, अब क्रेन दीदी को उठाएगी. सगळे हसले. मीही हसले असते, पण मी श्वास आत ओढून धरला होता.

भिलाईच्या प्लांटला लोखंडी सुटे भाग ओतून देणारा आमचा कारखाना. त्याच्या छपराखाली रुळांवर क्रेन फिरते, आणि ती मी चालवते. मी कांता. आले तेव्हा रेजा होते, म्हणजे टोपली उचलणारी बाई. लोक डोक्यावर ओझं ठेवत आणि मी चालत असे. मग एका म्हाताऱ्या ऑपरेटरच्या मागे लागून लागून क्रेन शिकले. आता माझ्या हातातल्या दांड्याने टनाटनाचं लोखंड उचललं जातं, आणि ते कुठे ठेवायचं ते खालचे लोक मला मान वर करून विचारतात. ती वर केलेली मान मला फार आवडते. लपवून काय करू.

हिवाळ्यात भिलाईतल्या सुपेला चौकात एका स्कूटरवाल्याने मला उडवलं आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो माझा वाटेना. मांडी मनगटासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, पण मांस गेलं. प्रोटीन खा आणि व्यायाम करा, दोन्ही करा. माझी मुलगी समीक्षा नेहरू नगरात जिमला जाते. तिने डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडरचा डबा आणला. मी इमानदारीत रोज दोनदा पावडर घेतली. पाय होता तसाच काडीचा काडी राहिला, आणि पोट मात्र पुढे आलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते हेच.

आमच्या शिफ्टचा सुपरवायझर प्रफुल्ल बोरकर हा गोंदियाकडचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. माझे मालक, समीक्षाचे वडील, हयात होते तेव्हा त्यांच्याशी त्याची दोस्ती होती. म्हणून तो मला वहिनी म्हणतो, आणि वहिनी म्हणून म्हणून माणूस काहीही बोलू शकतो. बेल्ट लागला नाही तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"वहिनी, कावून जिवाले त्रास करून राहिल्या? स्टोअरमंदी खुर्ची ठेवली मी तुमच्यासाठी. पंखाबी हाय."

"माही खुर्ची वर हाय," मी म्हटलं.

तो हसला, लहान मुलाला हसावं तसं. मग म्हणाला की बुद्ध पौर्णिमेपर्यंत थांबतो, तोवर घरीच राहा. त्यानंतर सेफ्टी ऑफिसरसमोर बेल्ट लावून, मध्ये न थांबता शिडी चढून दाखवायची. नाही जमलं तर क्रेनवर कायमचा नवा माणूस घ्यायचा आणि मी स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायचे. पगार तोच राहील, असंही त्याने दोनदा सांगितलं. पगाराचं मी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी सगळा राग डब्यावर काढला. शेजारच्या रेणूने तर आधीच सांगून ठेवलं होतं की पावडरने बाई फुगते, मिशा येतात, किडनी जाते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या दिवशी मला तीही खरी वाटायला लागली. डबा उचलून मी कचऱ्यात टाकायला निघाले, तोच समीक्षाने हात धरला. तिचं म्हणणं असं की तीही हीच पावडर खाते आणि तिचं पोट काही सुटलेलं नाही. वाद घालता घालता तिला तहान लागली, आणि ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेला स्टीलचा ग्लास तिने तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि ती थांबली.

"मम्मी, ये तो खीर है," ती म्हणाली.

आता माझ्या सासूबद्दल सांगायला हवं. भीमाबाई. ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, पण शब्दाला कधी न वाकलेल्या. प्लास्टर निघाल्यावरही ओट्यापाशी उभं राहणं मला जमत नव्हतं, म्हणून पावडर कालवून द्यायचं काम त्यांनी घेतलं होतं. समीक्षाने त्यांना सांगितलं होतं, पाण्यात एक चमचा. त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पावडर त्या रोज म्हशीच्या आटवलेल्या दुधात घालत होत्या. वर साखर, काजू, चारोळी आणि थोडा शिजवलेला तांदूळ बारीक करून. मला वाटायचं, कंपनी चांगली आहे, चव भारी आहे. म्हणून मी सकाळी घ्यायची आणि संध्याकाळीही घ्यायची. शिवाय दोन्ही वेळचं वरण, भात, पोळी ठरल्याप्रमाणे. आमच्या घरी एकादशी कोणी करत नाही, पण दुप्पट खाशी मात्र रोज चालू होती.

मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही. माझी क्रेन जात होती आणि ती खिरीत बुडाली होती. म्हातारीने शांतपणे सुपारी कातरली आणि मग उत्तर दिलं.

"सिद्धार्थ गौतम हाडाचा सापळा झाला होता. उठता येत नव्हतं त्याले. तवा सुजातानं काय देलं? पावडर देली का पाण्यात? खीर देली. खीर खाल्ली आन ताकद आली. मंग बुद्ध झाला."

ही तर विहारात दर पौर्णिमेला ऐकलेली गोष्ट. आमच्याकडे अशक्त माणूस दिसला की खीर करायची, हे बाळंतिणीपासून परीक्षेला बसलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना लागू. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आणखी चिडले आणि जाहीर केलं की उद्यापासून जेवण बंद. फक्त पावडर आणि पाणी. दूध नाही, पोळी नाही, भात नाही. समीक्षा म्हणाली, असं नाही करायचं. मी म्हटलं, तू गप्प बस.

माझं डोकं असंच आहे. एका टोकावरून निघते ती दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबते. क्रेनसुद्धा मी सुरुवातीला अशीच चालवायची, म्हातारा ऑपरेटर कपाळाला हात लावायचा.

पोट उतरायला लागलं. आरशात बघून मी खूश. चेहरा ओढल्यासारखा झाला, पण बेल्ट चेहऱ्याला लावायचा नव्हता. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं, कूलर दिवसभर घरघरत होता, आणि मी पावडरचं पाणी पिऊन रुबाबात बसायची. एका दुपारी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीकडे निघाले. जिना अर्धा चढले आणि मांडी थरथरायला लागली. डोळ्यांपुढे काळं झालं. कठडा हाताला लागला म्हणून पडले नाही, तिथेच पायरीवर बसून राहिले. पोट गेलं होतं आणि त्याच्याबरोबर उरलासुरला पायही निघाला होता. शिडीवर हे झालं असतं तर काय, या विचाराने मी रडले. भीतीपेक्षा रागाने जास्त. प्रफुल्लची ती पंख्याखालची खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना.

भीमाबाई जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वर चढता येत नाही. खालूनच त्यांनी विचारलं, उतरता येते का. मी नाही म्हटलं. मग त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि मी वरच्या. शेवटी मीच बोलले, कारण तोवर मला ते उत्तर सापडलं होतं.

"आई, त्यानं खीर एकदाच खाल्ली. रोज दोन टाइम नाई खाल्ली."

म्हातारीने त्यावर विचार केला. ती हरली असं मला वाटलं.

"हव," त्या म्हणाल्या. "आन खीर खाल्ली त्या दिवशीच उपास सोडला त्यानं. थे तुले नाई आठवलं?"

संध्याकाळी समीक्षा आली तेव्हा आम्ही दोघी जिन्यातच होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग आमची शाळा घेतली. तिने हिंदीत सांगितलं त्याचा अर्थ असा की पावडर ही दवा नाही आणि चरबीही नाही, ते अन्न आहे. डाळीसारखं, अंड्यासारखं. ताटात आलं तर ताटातून काहीतरी निघालं पाहिजे. वर रचत गेलं तर पोटावर जाणार. आणि ताटातलं सगळंच काढून टाकलं तर अंग स्वतःचंच मांस खाणार. शिवाय पायाला काम दिलं नाही तर नुसत्या पावडरने मांडी भरत नसते. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन्ही करा. मी त्यातलं पिण्याचं तेवढं उचललं होतं.

"मध्यम मार्ग," भीमाबाई म्हणाल्या, जणू सगळं त्यांनीच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मी जेवायला लागले. पावडरचा एक चमचा पाण्यात, व्यायामानंतर, आणि संध्याकाळचे चिवडा-समोसे बंद. भात अर्धा, वरण दुप्पट, अंडी उकडून. खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं आणि बसायचं. जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पुढे पुढे पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन. रेणू दारातून बघायची आणि म्हणायची, या वयात बाईमाणसानं असं करू नये, गर्भाशय सरकते. मी तिला म्हटलं की विशीत मी विटांच्या टोपल्या घेऊन चढले तेव्हा गर्भाशयाची काळजी कोणी केली नाही. आता स्वतःसाठी चढते तर सगळ्यांना ते आठवतं. ती आत गेली. भीमाबाई ओट्यापाशी पहाऱ्याला बसत आणि चमचा सपाट आहे की शिगोशिग ते बघत. पाण्यात पावडर कालवताना त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं, पण त्यांनी त्यात साखरेचा दाणा टाकला नाही.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटली. मी वाटी भरून घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. आमच्या घरांच्या लाइनीतल्या एकीने विचारलंच, तुले चालते का आता? मी म्हटलं, आजच चालते. भीमाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरी वाटी द्यायला उचललेला हात स्वतःच मागे घेतला. त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

मग तो दिवस आला. शिडीखाली सेफ्टी ऑफिसर, प्रफुल्ल आणि त्या दिवशी हसलेले सगळे. मी बेल्ट गुंडाळला. टोकं भेटली आणि बक्कल बसलं. पण जुन्या भोकात नाही, त्याहून एक भोक सैल. प्रफुल्लची नजर बरोबर तिथे गेली.

"वहिनी, पयलेपेक्षा जाड्याच हा अजून," तो म्हणाला.

"मांडीबी जाडी झाली," मी म्हटलं. "पाहून घ्या, वर जाऊन राहिली मी."

आणि चढले. पहिल्या काही पायऱ्यांना मोडलेला पाय घाबरला. मी त्याला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, सासूकडून शिकलेल्या. मग तो चालायला लागला. मध्ये एका जागी मांडी पेटली, पण ती थरथरली नाही. पेटणं आणि थरथरणं यातला फरक मला जिन्याने शिकवला होता. खालून कोणीतरी "आराम से, दीदी" म्हणालं. मी आरामात गेले नाही, माझ्या चालीने गेले, आणि न थांबता गेले. केबिनचं दार ओढलं. सीटवर नव्या माणसासाठी आणलेली कोरी गादी होती. ती बाजूला सरकवून मी माझ्या जुन्या फाटक्या सीटवर बसले. इतकं बरं वाटलं की ओरडावंसं वाटलं.

सेफ्टी ऑफिसरने खालून अंगठा दाखवला. पहिला लोड लागला, लोखंडाचा एक मोठा ओतीव तुकडा. मी उचलला. तो जिथे न्यायचा होता त्या वाटेवर, बरोबर मध्ये, प्रफुल्ल कमरेवर हात ठेवून उभा होता आणि वर बघत होता. मान वर करून. त्याला बहुतेक वाटलं असेल की ओळखीची वहिनी आहे, वळवून नेईल.

मी भोंगा दाबला. तो हलला नाही. मी बोट उचललंच नाही. भोंगा सगळ्या शेडभर वाजत राहिला, मशीनवरची माणसं वळून वळून बघायला लागली, आणि शेवटी प्रफुल्ल बाजूला झाला. चांगला भिंतीला लागून उभा राहिला.

लोड वरून जात असेल तर खालच्या माणसाने बाजूला व्हायचं, असा नियमच आहे. तो काही मी केलेला नाही.